स्वतंत्र कलाकारांचं संगीत: फॉलो कुठे करायचं आणि विकत कसं घ्यायचं?

माझ्या स्ट्रीमिंग ॲपमध्ये 'आपले बँड' नावाची एक प्लेलिस्ट आहे, कॉलेजच्या दिवसांपासून जमवलेली. एकेकाळी तिच्यात 41 गाणी होती. आज उघडली की त्यातली नऊ करड्या रंगात दिसतात, बोट ठेवलं तरी वाजत नाहीत. या नवातली चार माझ्याकडे फाईलच्या रूपात आहेत, कारण तेव्हा ती मी पैसे देऊन डाऊनलोड केली होती. उरलेली पाच मला कुठेच सापडत नाहीत. यूट्यूबवर नाहीत, कलाकारांची पानं बंद पडली आहेत, आणि एका बँडचं नाव शोधलं की भलत्याच देशातला बँड समोर येतो.

चित्रपटातल्या गाण्यांचं असं सहसा होत नाही. त्यांच्यामागे सारेगामा, टी-सिरीजसारख्या कंपन्या असतात, जुनी गाणी हीच त्यांची कमाई असते, त्यामुळे त्या ती जपतात. स्वतंत्र कलाकाराच्या मागे असं कोणी नसतं. गाणं त्याचं, खर्च त्याचा, आणि त्याने लक्ष काढून घेतलं की गाणं इंटरनेटवरून जातं. म्हणून अशा कलाकारांचे आपण चाहते असू, तर 'फॉलो' आणि 'लाईक' यापलीकडे दोन-चार गोष्टी माहीत असायला हव्यात. त्याच इथे सांगतो.

गाणी गायब का होतात?

'स्वतंत्र' किंवा 'इंडी' कलाकार म्हणजे ज्याच्या गाण्याचे हक्क कुठल्या मोठ्या कंपनीकडे नाहीत, त्याच्याच हातात आहेत. पण स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकवर कलाकार सहसा थेट गाणं चढवत नाही. मध्ये एक डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोअर ही त्यातली नेहमीची नावं. यांचं बरंचसं काम वार्षिक वर्गणीवर चालतं. वर्गणी भरत राहिलात तर गाणी सगळ्या ॲपवर राहतात, थांबवलीत तर काढली जाऊ शकतात. सीडी बेबीसारखे काही जण एका रिलीजचे एकदाच पैसे घेतात, पण नवखे कलाकार बहुतेक वेळा वर्गणीवालाच पर्याय निवडतात, कारण सुरुवातीला तो स्वस्त पडतो.

आता विचार करा. चार जणांचा बँड आहे. तीन वर्षं वाजवलं, मग एकाला बंगळुरूला नोकरी लागली, एकाचं लग्न झालं, आणि ज्याच्या कार्डावर वर्गणी होती त्याचं कार्ड बदललं. गाणी उतरली. यात कोणाची वाईट भावना नव्हती, फक्त कोणी पैसे भरले नाहीत. ऐकणाऱ्याला याची काही सूचना येत नाही, गाणं एका दिवशी करडं दिसतं एवढंच.

कधीकधी दुकानच बंद पडतं. फ्लिपकार्टने 2012 च्या फेब्रुवारीत 'फ्लाईट' नावाचं एमपीथ्री गाण्यांचं दुकान सुरू केलं होतं. काही रुपयांत एक गाणं, आणि फाईलवर कसलंही कुलूप नाही. मला ते फार आवडलं होतं. 2013 च्या जूनमध्ये ते बंद झालं. गुगल प्ले म्युझिक 2020 च्या अखेरीस संपलं. मायस्पेसचं प्रकरण तर याहून वाईट. एकेकाळी जगभरातले नवे बँड आपली गाणी तिथेच ठेवायचे, आणि 2019 मध्ये कळलं की सर्व्हर हलवताना अनेक वर्षांची गाणी पुसली गेली. कलाकारांनी स्वतःकडे प्रत ठेवली नव्हती, त्यांची कायमची गेली.

ऐकल्याने कलाकाराला किती मिळतं?

'मी रोज ऐकतो, म्हणजे त्याला पैसे मिळत असतील' असं आपल्याला वाटतं. मिळतात, पण हिशेब तसा सरळ नाही.

स्पॉटिफाय एका ऐकण्याला ठरावीक दर देत नाही. वर्गणी आणि जाहिरातींतून आलेल्या रकमेपैकी जवळपास दोन तृतीयांश भाग हक्कदारांसाठी बाजूला काढला जातो, आणि एकूण ऐकण्यांत ज्याचा जितका वाटा, तितके पैसे त्याला. म्हणजे तुम्ही महिनाभर फक्त एकाच लहान कलाकाराला ऐकलंत, तरी तुमची वर्गणी त्याला जात नाही. ती मोठ्या हंड्यात पडते आणि त्या देशात सगळ्यांत जास्त ऐकल्या गेलेल्यांकडे जास्त वाहते. साउंडक्लाउडने 2021 च्या एप्रिलपासून याला एक वेगळा पर्याय आणला. त्यात तुमचे पैसे तुम्ही ऐकलेल्यांतच वाटले जातात. पण ही पद्धत सगळीकडे नाही.

2024 पासून स्पॉटिफायने आणखी एक नियम केला. एखादं गाणं मागच्या 12 महिन्यांत किमान 1,000 वेळा ऐकलं गेलं नसेल, तर त्याचे पैसे मिळतच नाहीत. मोठ्या कलाकाराला याने काही फरक पडत नाही. पण मराठीत स्वतःची गाणी करणारी कितीतरी मुलं आहेत ज्यांचं एकेक गाणं वर्षाला सहाशे-सातशे वेळा ऐकलं जातं. त्यांचा या गाण्यांवरचा आकडा सरळ शून्य.

अंदाजासाठी म्हणून सांगतो, एका ऐकण्यामागे 0.003 ते 0.005 डॉलर असा आकडा सर्रास सांगितला जातो. भारतात वर्गणी स्वस्त आणि फुकट ऐकणारे जास्त, त्यामुळे इथल्या ऐकण्याचे याहूनही कमी पडतात. आता याच्याशेजारी विक्रीचा हिशेब ठेवून बघू.

बँडकॅम्प: थेट कलाकाराकडून

बँडकॅम्प ही साइट 2008 पासून आहे, अमेरिकेतली. कल्पना साधी आहे: प्रत्येक कलाकाराचं स्वतःचं पान, त्यावर त्याचे अल्बम, किंमत त्याने ठरवलेली. तुम्ही आधी ऐका, आवडलं तर घ्या. ऐकायला खातं लागत नाही. मात्र एखादं गाणं काही वेळा ऐकून झालं की 'आता विकत घ्या की' असा संदेश येऊ शकतो, ती मर्यादा कलाकाराच्या हातात असते.

डिजिटल विक्रीवर बँडकॅम्प 15 टक्के घेतं. कलाकाराची विक्री वर्षभरात 5,000 डॉलरपर्यंत पोचली की हा वाटा 10 टक्क्यांवर येतो. सीडी, कॅसेट, टी-शर्ट अशा वस्तूंवर 10 टक्के. याशिवाय पैसे पोचवणाऱ्या सेवेचं शुल्क असतं. सगळं वजा करून सरासरी 82 टक्के रक्कम कलाकार किंवा त्याच्या लेबलकडे जाते, असं बँडकॅम्प स्वतः सांगतं.

म्हणजे 7 डॉलरचा अल्बम घेतलात, आपल्याकडचे साधारण सहाशे रुपये, तर कलाकाराला 5.74 डॉलरच्या आसपास मिळतात. तेवढेच पैसे स्ट्रीमिंगमधून मिळायला वरच्या दराने त्याचं गाणं साधारण 1,150 ते 1,900 वेळा वाजायला हवं. मी कितीही वेडा चाहता असलो तरी एका अल्बमची एवढी पारायणं माझ्याच्याने होत नाहीत.

बऱ्याच अल्बमवर 'तुमची किंमत सांगा' असा पर्याय दिसतो. काही ठिकाणी शून्य टाकूनही डाऊनलोड होतं. 2007 मध्ये रेडिओहेडने 'इन रेनबोज' हा अल्बम असाच 'वाटेल ते द्या' म्हणून स्वतःच्या साइटवर ठेवला होता, तेव्हा ही मोठी बातमी झाली होती. आता लहान कलाकारांत ते नेहमीचं आहे. शून्य टाकताना संकोच वाटून घेऊ नका, कलाकाराने ते मुद्दाम ठेवलेलं असतं. पण किमान किंमत असली तरी त्याहून जास्त देण्याची सोय असते, आणि 5 च्या जागी 6 टाकले तर तुमच्या खिशाला ते फारसं जाणवत नाही.

यातला एक प्रकार चाहत्यांना आवर्जून माहीत असावा: 'बँडकॅम्प फ्रायडे'. कोविडमध्ये कार्यक्रम बंद झाले तेव्हा 20 मार्च 2020 च्या शुक्रवारी बँडकॅम्पने दिवसभर स्वतःचा वाटा सोडला. लोकांना ते इतकं आवडलं की नंतर वर्षातून ठरावीक शुक्रवारी ते होत राहिलं. त्या दिवशी कलाकाराकडे सरासरी 93 टक्के जातात. तारखा आधी जाहीर होतात. हा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने मोजतात, म्हणजे आपल्याकडे तो शुक्रवारी दुपारी सुरू होतो (उन्हाळ्यात साडेबारा, हिवाळ्यात दीड) आणि शनिवारी त्याच वेळी संपतो. मी पहिल्यांदा शुक्रवारी सकाळी सकाळी चार अल्बम घेऊन मोकळा झालो होतो. नंतर कळलं की तिकडे अजून गुरुवारच चालू होता. तेव्हापासून आवडलेलं सगळं विशलिस्टमध्ये टाकतो आणि शुक्रवारी दुपारच्या जेवणानंतर एकदम खरेदी करतो.

नवं शोधायलाही ही जागा बरी आहे. टॅग आणि शहरावरून शोधता येतं, 'पुणे', 'मुंबई' टाकून बघा, गाणी बघून चकित व्हाल. मुंबईची सँड्यून्स, दिल्लीचं पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी असे आपल्याकडचे नाव झालेले लोकही तिथे आहेत. पण माझी आवडती वाट वेगळीच आहे. अल्बमच्या पानावर तो विकत घेतलेल्यांचे छोटे फोटो असतात. त्यातल्या कोणाच्याही फोटोवर टिचकी मारली की त्या माणसाचा सगळा संग्रह दिसतो. माझ्यासारखाच विचित्र अल्बम घेणाऱ्या कोणा अनोळखी माणसाची पुढची पन्नास खरेदी बघणं हे मला कुठल्याही अल्गोरिदमपेक्षा जास्त उपयोगी पडलं आहे. हेच उलटंही लागू आहे हं. तुमचाही संग्रह इतरांना दिसतो. एखादा अल्बम दाखवायचा नसेल तर तो संग्रहातून लपवता येतो.

बँडकॅम्पला देव मानायचं कारण नाही. 2022 च्या मार्चमध्ये 'फोर्टनाइट' गेमवाल्या एपिक गेम्सने ते विकत घेतलं, दीड वर्षात, 2023 च्या सप्टेंबरमध्ये, सॉंगट्रेडरला विकायचं जाहीर केलं, आणि त्या बदलात जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. साइट चालू आहे, कलाकारांना पैसे मिळत आहेत. पण फ्लाईट बंद झालं तसं उद्या कुठलंही दुकान बंद होऊ शकतं. त्यामुळे खरेदी केली की ती फाईल त्याच दिवशी उतरवून घ्यायची. 'संग्रहात आहे ना, मग कधीही ऐकू' असं म्हणून सोडायचं नाही.

भारतातून पैसे देताना

इथे बरेच जण अडतात, म्हणून जरा सविस्तर.

पहिलं, कार्ड. 2020 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनंतर नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार आपोआप चालू नसतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्ड सेटिंग्जमध्ये जाऊन ते चालू करावे लागतात. तिथेच मर्यादाही ठरवता येते. मी दोन हजार रुपयांची ठेवली आहे, आणि खरेदी झाली की पुन्हा बंद करतो. परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपी न विचारताच पैसे कापले जातात, त्यामुळे ही काळजी घेतलेली बरी.

दुसरं, परकीय चलनाचं शुल्क. बहुतेक कार्डांवर ते दोन ते साडेतीन टक्के असतं आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. सहाशे रुपयांच्या अल्बमवर साडेतीन टक्क्यांनी 21 रुपये, त्यावर जीएसटी पावणेचार रुपये, म्हणजे पंचवीसेक रुपये जास्त. फार नाही, पण स्टेटमेंटमध्ये आकडा वेगळा दिसला की घाबरू नका. किंमत कलाकाराच्या चलनात असते हेही बघा. जपानी कलाकाराच्या पानावर 1,500 लिहिलेलं असेल तर ते येन आहेत, डॉलर नाहीत.

तिसरं म्हणजे पेपाल, आणि गंमत अशी की अडचण परदेशी नाही तर भारतीय कलाकाराकडून घेताना येते. पेपालने 1 एप्रिल 2021 पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवण्याची सेवा बंद केली. परदेशातून भारतात किंवा भारतातून परदेशात चालतं, पण दोन्ही टोकं भारतात असतील तर नाही. म्हणून पुण्यातल्या माणसाला बर्लिनचा अल्बम सहज मिळतो आणि नाशिकच्या मुलाचा घेताना अडचण येऊ शकते. अशा वेळी सरळ कलाकाराला मेसेज करा. इन्स्टाग्रामवर 'तुमचा अल्बम घ्यायचा आहे, यूपीआयने पाठवू का?' एवढं विचारलं की बहुतेक वेळा तासाभरात उत्तर येतं. पैसे पोचले की ते डाऊनलोडचा कोड किंवा ड्राईव्हची लिंक देतात. यात मधला कोणीच नाही, पूर्ण रक्कम त्यांना. फक्त मेसेज खऱ्या खात्यालाच करताय ना, हे बघून घ्या. कलाकाराच्या यूट्यूब किंवा बँडकॅम्प पानावर दिलेल्या लिंकवरूनच त्याच्या इन्स्टाग्रामवर जा, सर्चमध्ये नाव टाकून जे पहिलं येईल त्यावर नको.

अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या आपल्या लोकांना यातली कुठलीच अडचण नाही. अल्बम भेट म्हणून पाठवायची सोयही तिथे आहे, समोरच्याला ईमेल जातो आणि तो उतरवून घेतो. भाच्याच्या वाढदिवसाला परदेशातल्या आत्याने पाठवावी अशी वस्तू आहे.

व्हायनल रेकॉर्ड मागवायची असेल तर आधी पोस्टेज बघा. ते कधीकधी रेकॉर्डच्या किमतीला जाऊन भिडतं, आणि इथे आल्यावर कस्टम ड्युटी, आयजीएसटी वेगळं. त्यापेक्षा तेच पैसे दोन डिजिटल अल्बमवर घालवलेले बरे, असं माझं मत. शोभेसाठी हवी असेल तर गोष्ट वेगळी.

फॉलो म्हणजे नक्की काय?

इन्स्टाग्रामवर फॉलो केलं म्हणजे त्याच्या सगळ्या पोस्ट तुम्हाला दिसतील असं नाही. काय दाखवायचं ते ॲप ठरवतं. एका गायिकेचा नवीन अल्बम येऊन चार महिने झाले तरी मला पत्ता नव्हता, आणि मी तिला सहा वर्षं फॉलो करत होतो. तिने पोस्ट टाकल्या होत्या, माझ्यापर्यंत आल्याच नाहीत.

म्हणून मी फॉलो करताना एकच बघतो: मध्ये कोणी गाळणी लावून बसलंय का? ईमेलमध्ये ते नसतं. कलाकाराने पाठवलं की ते तुमच्या पेटीत येतं (स्पॅममध्ये एकदा डोकावा). बँडकॅम्पवर फॉलो केलं की नवीन अल्बम आल्यावर ईमेल येतो, आणि खरेदी करताना 'कलाकाराच्या यादीत माझा पत्ता द्या' अशी खूण करता येते. ही खूण कलाकारासाठी फार मोलाची असते, कारण तो पत्ता त्याच्याकडे राहतो. उद्या साइट बंद झाली तरी तो तुम्हाला शोधू शकतो. इन्स्टाग्रामचे दहा हजार फॉलोअर त्याला असे सोबत नेता येत नाहीत.

यूट्यूबवर सबस्क्राईब करून घंटीमध्ये 'सर्व' निवडा, नुसत्या सबस्क्राईबने भागत नाही. ज्यांना आरएसएस माहीत आहे त्यांनी फीडलीसारख्या रीडरमध्ये यूट्यूब चॅनेलचा पत्ता टाकला तर नवे व्हिडिओ एकामागून एक, काही न गाळता दिसतात. स्पॉटिफायवर फॉलो केलेल्यांची नवी गाणी शुक्रवारच्या 'रिलीज रडार'मध्ये येऊ शकतात. कार्यक्रमांसाठी सॉंगकिक आणि बँड्सइनटाऊन आहेत, पण आपल्याकडच्या छोट्या कार्यक्रमांची नोंद तिथे असेलच असं नाही, त्यासाठी इन्स्टाग्रामच बघावं लागतं. व्हॉट्सॲप चॅनेल 2023 पासून आले आहेत आणि काही कलाकार ते नीट वापरतात.

एखाद्याला दर महिन्याला थोडे पैसे द्यायचे असतील तर पॅट्रिऑन आहे. 2013 मध्ये जॅक कॉन्टे या संगीतकारानेच ते एका मित्रासोबत सुरू केलं. मी एकाला वर्षभर देत होतो, मग कच्च्या रेकॉर्डिंगचा ढीग साचला आणि ऐकणं होईना. मला पूर्ण झालेला अल्बम घेणंच जमतं. तुमचं वेगळं असू शकेल.

विकत घेतलेल्या गाण्यावर आपला हक्क किती?

गाणं घेतलं म्हणजे ते ऐकायचा हक्क घेतला. स्वतःच्या फोनवर, लॅपटॉपवर, गाडीत वाजवा, बॅकअप ठेवा. पण ते घेऊन व्हिडिओच्या मागे लावणं किंवा झिप फाईल ग्रुपवर टाकणं यात येत नाही. काही कलाकार क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना देतात, तेव्हा काय चालतं ते अल्बमच्या पानावर तळाशी लिहिलेलं असतं. मित्राला ऐकवायचं असेल तर लिंक पाठवा. ऐकायला ती फुकटच आहे.

कुठली फाईल उतरवायची?

डाऊनलोड करताना एमपीथ्री, फ्लॅक, एएसी, अलॅक, वेव्ह अशी यादी येते आणि लोक गोंधळतात. फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न टाकता बांधलेली फाईल, एमपीथ्री म्हणजे कानाला सहसा न जाणवणारा भाग टाकून लहान केलेली. 40 मिनिटांचा अल्बम 320 केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण 96 एमबी होतो, फ्लॅकमध्ये अडीचशे-तीनशे एमबी. बँडकॅम्प कलाकाराकडून मूळ दर्जाचीच फाईल मागतं, त्यामुळे तिथली फ्लॅक ही सहसा एमपीथ्री फुगवून केलेली नसते.

माझी पद्धत: फ्लॅक हार्ड डिस्कवर, एमपीथ्री फोनवर. दोन्ही एकाच खरेदीत मिळतात, वेगळे पैसे पडत नाहीत. अँड्रॉइड फोनवर फ्लॅकही वाजते. आयफोनच्या म्युझिक ॲपमध्ये घालायचं असेल तर अलॅक घ्या, किंवा व्हीएलसी टाका आणि विसरून जा. हार्ड डिस्कची दुसरी प्रत कुठेतरी ठेवा, निदान एका पेनड्राईव्हवर.

नावांचं थोडं बघावं लागतं. एकाच गायकाचं नाव एका अल्बमवर देवनागरीत आणि दुसऱ्यावर रोमनमध्ये असलं की प्लेअर त्याला दोन माणसं समजतो. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे फुकट सॉफ्टवेअर फाईलमधली अशी माहिती दुरुस्त करतं. त्यामागचा म्युझिकब्रेन्झ हा कोश विकिपीडियासारखा लोकांनीच भरलेला आहे, आणि त्यात प्रत्येक कलाकाराला स्वतंत्र क्रमांक असतो, त्यामुळे एकाच नावाचे दोन बँड एकमेकांत मिसळत नाहीत. मराठी अल्बम त्यात नसेल तर स्वतः भरता येतो, अर्ध्या तासाचं काम आहे. गाडीतल्या जुन्या स्टिरिओवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसले तर फाईलचा दोष नाही, त्या स्टिरिओत तो फाँटच नाही. पेनड्राईव्हवरच्या प्रतीला रोमन नावं द्या.

फ्लॅकवर एवढा भर देण्याचं कारण सांगतो. सुरुवातीला म्हटलं त्या नऊ गाण्यांतली जी पाच हरवली, त्यांचा माग काढायला मी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर एका बँडचं जुनं पान उघडलं. फोटो होते, कार्यक्रमाचं पोस्टर होतं, गाणी नव्हती. पण तळाशी त्यांच्या गिटारवादकाचा ईमेल होता. लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. हरवलेलं गाणं त्याच्याकडेही नव्हतं, लॅपटॉप कधीच गेला होता. उलट त्यानेच विचारलं, आमच्या पहिल्या ईपीची चार गाणी तुझ्याकडे आहेत का?

होती. ती चार फाईलवाली गाणी म्हणजे तीच ईपी. पण तेव्हा माझ्या फोनमध्ये जागा कमी होती म्हणून मी सगळ्यांत लहान, 128 केबीपीएसची एमपीथ्री उतरवली होती, आणि ज्या साइटवरून घेतली ती आता नाही. तेवढीच पाठवली. मोठ्या फाईलमध्ये बदलून काही उपयोग नसतो, एकदा टाकलेला आवाज परत येत नाही. झांजांचा आवाज पत्र्यावर वाळू पडल्यासारखा येतो, हे त्यालाही ऐकू आलं.

त्याने ती चार गाणी पुन्हा बँडकॅम्पवर ठेवली आहेत, किंमत शून्य, आणि खाली लिहिलंय की मूळ रेकॉर्डिंग हरवलं आहे, कोणाकडे याहून चांगली प्रत असेल तर कळवा. मी यूपीआयने दोनशे रुपये पाठवले. त्याने ते परत पाठवले.